दुसऱ्याच्या मापाची सायकल

"आडनाव काय म्हणालात?"

सायकल निवडायला सोबत आलेल्या ग्रुपच्या सरांनी विचारलं तेव्हा मी सायकलवर बसले होते. चेन्नईच्या अण्णा नगरातलं दुकान. ॲल्युमिनियमची साधी रोड सायकल, माझ्या पगारात बसणारी. दुकानदाराने सीट माझ्या उंचीला लावून दिलं होतं. मी आडनाव सांगितलं.

सरांनी हॅंडलवरचा हात काढून घेतला.

"अगं, मग नवीन कशाला? तुम्हा लोकांना सगळं आयतंच लागतं ना. माझी जुनी बाल्कनीत पडलीय. ती ने. नाहीतरी भंगारातच जायची."

मी मूळची जालन्याची. इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासते. चेन्नईत आले आणि एक सुख लाभलं. इथे नावाआधी बापाच्या नावाचं एक अक्षर लावलं की भागतं. जात इथेही आहे, चांगली घट्ट आहे. पण माझ्याच भाषेत मला ती विचारणारं कुणी नव्हतं. चार वर्षं मोकळी वावरले. मग ट्रायथलॉनच्या ग्रुपमध्ये गेले. पोहायचं, सायकल मारायची, धावायचं, सगळं एका दमात. पोहणं गावच्या विहिरीत शिकले होते, धावायला पाय होते. सायकल तेवढी नव्हती. ग्रुप चालवणारे सर पुण्याचे, शोळिंगनल्लूरला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मराठी कानावर पडली आणि मीच हुरळून पुढे गेले. मूर्ख कुठली.

नवख्यांना सर सांगत, "महागाच्या नादी लागू नका. पहिली सायकल मापाची हवी. बाकी सगळं नंतर." शब्द त्यांचेच. सर सहा फुटी. मी पाच फुटांना दोन बोटं वर.

आणि मी ती सायकल नेली. हे लिहिताना अजून कान तापतात. माझ्या आईने जन्मभर मालकिणीच्या उतरलेल्या साड्या नेसल्या. "नको म्हणू नये, पुन्हा कुणी देत नाही," ही तिची शिकवण. दुकानात माझी मान आपोआप हलली.

सीट पार खाली केलं तरी पाय जेमतेम टेकायचे. हॅंडल धरायला अंग ताणावं लागे. दुसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला. दर रविवारी सर नव्या माणसाला माझ्यासमोर सांगत, "माझीच सायकल. हिला देऊन टाकली. अशांना वर आणायला पाहिजे." मी ओशाळून हसायची. त्या हसण्याची मला आज किळस येते.

कारखान्यात मला लंगडताना आमच्या सुपरवायझर सेल्वी अक्कांनी पाहिलं. मी सायकलचं सांगितलं. त्यांनी माझ्या टेबलावरचा एक भाग उचलला. अर्ध्या मिलिमीटरने चुकलेला. मी नुकताच त्याला लाल टॅग बांधला होता.

"अळवु तप्पुना रिजेक्ट दान्, मा," अक्का म्हणाल्या. माप चुकलं की रिजेक्टच. एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

लोखंडाच्या तुकड्याला मी रोज माप लावते. स्वतःला कधी लावलं नव्हतं.

रविवारी ती सायकल मी हाताने ढकलत नेली. हॅंडलला लाल टॅग बांधला होता. सगळे जमले होते. मी सायकल सरांसमोर उभी केली.

"सर, तुमची सायकल. माझ्या मापाची नाही."

"फुकटच्या वस्तूला माप बघतेस?"

"बघते. तुम्हीच शिकवलंत. माझं आडनाव कळेपर्यंत."

सरांचा चेहरा लाल झाला. "मी माणुसकीने दिली. आता सायकलशिवाय स्पर्धेत कशी उतरतेस, बघतोच."

बाकीचे बाटल्यांची झाकणं लावत बसले. मला त्यांचाही राग आला, सरांपेक्षा जास्त. मी वळले आणि बस स्टॉपकडे चालू लागले.

घरी येऊन आईला फोन केला, सगळं सांगितलं.

"फुकटची होती ना गं," ती म्हणाली. "ठेवायचीस. काय बिघडलं असतं?"

"गुडघा बिघडला, आई. या वर्षीची स्पर्धा गेली तर जाऊ दे. गुडघा बरा झाला की माझी मी घेईन. पण आपल्या घरात यापुढे कुणाचं उतरलेलं यायचं नाही. साडीसुद्धा नाही. तू नेसलीस तरी चालणार नाही."

आई दुखावली, मला कळलं. मी शब्द मागे घेतला नाही.