डाव्या कुशीतला सुरा

विचुंब्याच्या वेणूबायला कुणी म्हातारी म्हणावं आणि शेणाचा गोळा तोंडावर घ्यावा, अशी तिखट बाई. सहा म्हशींचं वैरणपाणी, धारा, शेणाची घमेली, सगळं एकटीच्या अंगावर. गोठ्याला खेटून टॉवर उभा राहिला, तेव्हापासून तिथल्या लोकांना शेणाचा वास छळू लागला. दूध मात्र हिच्याकडचंच लागायचं, बरं का!

शनिवारी सोसायटीत बारसं झालं. उरलेला पुलाव फेकायचा कशाला, मुक्या जनावराच्या मुखी पडू दे, म्हणून सेक्रेटरी सुशांतने रविवारी सकाळी तीन पातेली चंद्री म्हशीच्या गव्हाणीत ओतली. पुण्य कमवायला निघाला मेला! वेणूबाय तेव्हा उकिरड्यावर शेण टाकत होती.

दुपारी चंद्री फुगली. पहिलटकरीण, आठ महिन्यांची गाभण. पोटात भात आंबला, वारा कोंडला, डावी कूस ढोलासारखी टणक झाली. तेल पाजलं, चालवलं, छे! जनावर कोसळलं. डॉक्टर उलव्याला अडकलेला. आता बापाने शिकवलेला एकच उपाय उरला होता. कमरेच्या हाडापुढे वीत मोजायची, डाव्या कुशीत सुरा खुपसायचा, वारा सुटला की जनावर वाचतं.

तिने वीत मोजली, सुरा उचलला, तोच वरच्या गॅलरीतून कुणीतरी किंचाळलं, "अरे, म्हशीला कापतेय!"

सुशांत दोन वॉचमन घेऊन धावला. "मावशी, सुरा टाका!"

"सोर माजा हात! मरंल ती!"

ऐकतो कोण? तिघांनी तिला शेणात पालथी पाडली. ती सुशांतच्या मनगटाला कडकडून चावली, रक्त आलं. वॉचमनने काठी हाणली, तिची दोन बोटं मोडली. ती शिव्या देत होती, रडत होती, लाथा झाडत होती. समोर चंद्रीने चार पाय ताठ केले, डोळे पांढरे केले आणि मान टाकली.

तेव्हा कुठे त्यांनी तिला सोडलं. वेणूबायने डाव्या हाताने सुरा घेतला आणि मेलेल्या कुशीत खुपसला. फुस्सकन आंबूस वारा सुटला, फुगलेलं पोट खाली बसलं.

"बस, येवढाच करायचा व्हता," ती म्हणाली.

सुशांत पांढराफटक पडला होता. तिने त्याचं रक्ताळलेलं मनगट धरलं आणि तळहात चंद्रीच्या पोटावर दाबला. आत पारडू लाथा मारत होतं.

"दिस भरलं नाय, भायेर काडून बी जगनार नाय. हात काडू नको."

थोड्या वेळाने लाथा थांबल्या.