हॉस्टेलच्या गच्चीवरचा रिले

"इंजिनिअर साहेब, तुमचं यंत्र सकाळपासून मुकं हाय. उद्यापर्यंत बोललं न्हाई तर काढून घेऊन जावा," बसवाप्पा फोनवर म्हणाले.

लातूरला त्यांच्या सोयाबीनच्या गोदामात मी वायरलेस सेन्सर बसवले होते. ओलसर माल थप्पीत आतून तापतो, बाहेरून कळत नाही. सेन्सर ते तापमान ऑफिसातल्या रिसीव्हरला कळवतो. सेन्सर सेलवर चालतो, म्हणून बहुतेक वेळ झोपतो. ठरल्या वेळी उठून क्षणभर बोलतो. पलीकडे कुणी ऐकलं नाही तर परत परत ओरडतो आणि सेल संपवून बसतो.

गोदाम आणि ऑफिसच्या मध्ये कोचिंगच्या पोरांचं हॉस्टेल. त्याच्या भिंती सिग्नल अडवत होत्या. म्हणून त्याच्याच गच्चीवर रिले लावला होता. रिले म्हणजे इकडचं ऐकून तिकडं सांगणारा.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत शिकून मी आमच्या घरातला पहिला इंजिनिअर झालो. ही माझी एकट्याची पहिली साइट. कंपनी पुण्यात, मी लॉजवर. "हे फसलं तर तुला ठेवणं अवघड आहे," सरांनी सांगितलं होतं.

हॉस्टेलवर गेलो. रविवार होता. देगलूर, मुदखेडहून आलेले आईबाप डबे उघडून अंगणात बसलेले.

"तुझं कुणी आलं न्हाई व्हय रे?" एका बाईनं विचारलं.

"मी कामाला आलोय, मावशी."

"मग दोन घास खाऊन जा की."

नको म्हणालो आणि जिना चढलो.

रिलेच्या जागी तेलाचा रिकामा डबा पालथा घातलेला. आत रिले चालू होता, पण पत्र्यातून सिग्नल जात नाही.

"चाचा, हे कुणी झाकलं?"

"मीच," हॉस्टेलचे मालक खाजाचाचा म्हणाले. "सकाळी एका पोराचा बाप इचारून राहिला होता, मोबाईलचा टॉवर हाय का हे? किरणांना भिऊन पोरगं उचलून नेलं म्हंजे?"

"टॉवर नाही ओ. झाकायचंच तर प्लास्टिकनं झाका."

चाचांनी न्हाणीतली बादली आणली. "ही चालते का?"

"पळते."

थोड्या वेळानं बसवाप्पांचा फोन. "तिसरी थप्पी लाल दाखवून राहिलीय!"

मी गोदामात पोचलो तोवर हमालांनी थप्पी फोडली होती. मधली पोती हाताला गरम लागत होती. दाणा अजून काळा पडला नव्हता.

"राहू द्या यंत्र," बसवाप्पा म्हणाले.

सरांना कळवलं. "ओके. रिपोर्ट मेल कर." मग वडिलांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले. जेवलास का, तेही विचारलं.

आता रिलेची जागा ठरवताना सिग्नल मी नंतर मोजतो. रविवारी तिथं कोण येतं, ते आधी विचारतो.