क्रीमखाली करडा

बॉनेटवरच्या पुट्टीच्या कडेला मी नख लावलं आणि रुपयाएवढी कपची सुटून हातात आली. मागच्या बाजूने ती ओलसर होती. गाडी सगळा पावसाळा पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली उभी होती. तरी पाणी आत गेलं होतं.

"मग लाल कधी मारताय?" शालनताईंनी विचारलं.

"लाल आत्ता नाही मारता येणार."

"का न्हाय? दिवाळीला लेक येणार हाय माझी. तवर गाडी पुरी झालेली दिसाय पायजे."

शेडच्या दाराशी खुर्चीवर त्यांचे यजमान सुधाकरराव बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला.  त्यांनी माझ्या हातातली कपची मागून घेतली, डाव्या हाताने उलटीपालटी केली आणि मान हलवली.

मी बारामती एमआयडीसीत फायबरग्लास आणि पेंटिंगचं छोटं वर्कशॉप चालवते. त्याआधी बरीच वर्षं एका रंगाच्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला होते. म्हणजे कुणाचा रंग फुगला, सुटला, उडाला की जाऊन बघायचं आणि का झालं ते सांगायचं. शालनताईंचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "गाडीला कलर द्यायचाय, फायबरची हाय." मला वाटलं, टेम्पोचं टप असेल.

इंदापूरच्या अलीकडे त्यांची वस्ती. शेडमध्ये बघते तर दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी गाडी. तिला किट कार म्हणतात. जुन्या गाडीची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन घ्यायचं आणि त्यावर फायबरग्लासची बॉडी स्वतः चढवायची. सुधाकरराव पुण्यात बसचे फायबरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. ज्या साच्यातून माल निघतो त्या साच्याचा मूळ आकार घडवणारा तो पॅटर्नमेकर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी हाती घेतली. काही पॅनल विकत आणली, ती पिवळट होती. मडगार्ड आणि दरवाजे स्वतःच्या साच्यातून काढले, ते हिरवट. मधेमधे गुलाबी पुट्टी. इंजिन चालू होत होतं. आणि त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, पुढे थोडी परत आली. पाय ओढत चालायचे. उजवा हात हलायचा, पण बोटांना स्पर्श कळत नव्हता. बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं होतं.

गाडी रस्त्यावर न्यायचा प्रश्न नव्हता. असल्या गाडीचं पासिंग हे वेगळंच प्रकरण आहे. शेडपासून कॅनॉलपर्यंतच्या घरच्या रस्त्यावर ती चालवायची, एवढीच इच्छा.

"सुधाकरराव, फायनल करू का?" मी त्यांना विचारलं.

त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "माझं... झालं न्हाय."

"दोन वर्सं हेच चाललंय," शालनताई म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या.

मी दरवाजावरून तळवा फिरवला. लाटा होत्या. फायबरचा पृष्ठभाग डोळ्याला सपाट दिसतो, पण चकचकीत रंग चढला की उजेड वाकडा पडतो आणि सगळ्या लाटा उघड्या पडतात. त्या लांब ब्लॉकवर, म्हणजे ठोकळ्यावर, पॉलिश पेपर लावून घासूनच काढाव्या लागतात. आम्ही घासायला बसलो असतो तर काम झालं असतं. पण ज्या माणसाने हा आकार घडवला तो समोर बसून नाही म्हणत होता.

उजव्या दरवाजावर एक मोठा ओरखडा होता. पुट्टी पोपड्यासारखी निघालेली.

"हे काय झालं?"

"स्टिकर," सुधाकरराव म्हणाले.

शालनताईंनी चहा देता देता सांगितलं. बॅनर छापणाऱ्या एका पोराला बोलावून त्यांनी दरवाजाला लाल व्हिनाइल चिकटवून घेतलं होतं. तयार रंगावर ते छान बसतं. कच्च्या, सच्छिद्र फायबरवर बसत नाही. आठवड्यात फुगे आले, आणि ओढून काढताना गोंदाबरोबर पुट्टीही आली.

"मी म्हटलं, तेवढंच बरं दिसंल," त्या म्हणाल्या. सुधाकरराव जमिनीकडे बघत होते.

मी सांगितलं की सगळी पॅनल काढून वर्कशॉपला नेते. आधी वाळवू. मग तात्पुरता रंग. तात्पुरता म्हणजे कामचलाऊ नव्हे. पाणी आत जाऊ देणार नाही, ऊन सोसेल, आणि पुढे घासून त्यावरच फायनल मारता येईल असा.

"म्हंजी तुमी बी त्यांच्याच बाजूच्या," शालनताई म्हणाल्या.

"मी पुट्टीच्या बाजूची आहे."

त्या हसल्या नाहीत.

पॅनल आली. युसुफभाई आमचे स्प्रे पेंटर. आम्ही दोघांनी पर्याय चाळले. साधा ऑइलपेंट सगळ्यात सोपा, पण उद्या त्याच्यावर भारी रंग मारला की खालचा सुरकुततो. नुसतं प्रायमर मारलं तर चालेल असं लोकांना वाटतं. साधं प्रायमर पाणी पितं, स्पंजासारखं. शालनताईंच्या जावयाने मोबाईलवर रबरी रंगाचा व्हिडिओ पाठवला होता. फवारा मारायचा आणि नको असेल तेव्हा साल काढल्यासारखा ओढून काढायचा. आम्ही मडगार्डच्या आतल्या बाजूला मारून बघितला. गुळगुळीत जागेवरून साल निघाली. पुट्टीवरून चुरा निघाला, तोही अर्धाच. युसुफभाई तो चुरा खरवडत बसले आणि त्यांनी जावयाबद्दल जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

राहिलं एपॉक्सी प्रायमर. दोन भाग मिसळून मारायचं, वाळल्यावर पाणी आत जाऊ देत नाही. त्याचा दोष एकच, उन्हात ते पांढुरकं पडून खडूसारखं हाताला लागतं. म्हणून वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन रंगाचा, पातळ थर, छत्रीसारखा. करडं प्रायमर, वर रंग. इथवर सगळं सरळ होतं.

मग रंग कुठला, यावर अडलं. सुधाकररावांनी फोनवर एकच शब्द सांगितला. "काळा."

त्यामागचं कारण मला लगेच कळलं. पॅटर्नमेकर लोक पृष्ठभाग तपासायला चकचकीत काळा मारतात. त्यात लाटा आरशासारख्या दिसतात. त्यांना घासायचं होतं, म्हणून काळा हवा होता. पण कारखान्यात पॅटर्न छपराखाली असतो. इथे शेडचं तोंड पश्चिमेला. ऑक्टोबरच्या उन्हात काळं फायबर इतकं तापतं की आतल्या काचेच्या कापडाची वीण वर उमटते. एकदा उमटली की लाटांपेक्षा वाईट.

फोनवर हे पटवणं शक्य नव्हतं. मी त्यांना बोलावून घेतलं. शालनताई त्यांना रिक्षाने घेऊन आल्या.

त्यांच्याच साच्यातून काढलेलं एक जास्तीचं मडगार्ड होतं. युसुफभाईंनी आदल्या दिवशी करड्या प्रायमरवर त्याचा अर्धा भाग काळा, अर्धा क्रीम मारला होता. ते आम्ही भर दुपारी अंगणात ठेवलं आणि जेवायला बसलो. जेवण झाल्यावर सुधाकररावांनी क्रीम भागावर उजवा हात ठेवला. मग काळ्यावर ठेवला, आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"हात काढा!" शालनताई ओरडल्या आणि त्यांनी तो उचलून घेतला. तळवा लाल झाला होता. त्यांना समजलंच नव्हतं.

त्यांनी डाव्या हाताचं एक बोट काळ्याला लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग वाकून तिरक्या उजेडात बघितलं. काळ्यावर बारीक चौकटी दिसायला लागल्या होत्या. क्रीमवर काही नव्हतं.

"क्रीम," ते म्हणाले.

शालनताई त्यांच्या तळव्यावर पाणी घालत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, बघितलं न्हवं? रोज सकाळी शेडात जाऊन बसत्यात. पेपर हातातून पडतो. मला हाक मारत न्हाईत, तसंच बसून ऱ्हात्यात. घासताना कुठं थांबायचं ते हाताला कळत न्हाय. मागं एकदा घासत घासत पार भोक पाडलं. दिसभर जेवलं न्हाईत. म्हणून म्हणते, गाडी एकदाची झाली म्हंजी सुटतील त्यातनं."

लाल रंगाचं कारण मला तेव्हा कळलं. लेकीच्या दिवाळीशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

मी त्या संध्याकाळी त्या मडगार्डाचा क्रीम भाग स्वतः घासून बघितला. क्रीम गेलं की खाली करडा डाग दिसतो. जिथे उंचवटा आहे तिथे आधी. खोलगट जागी क्रीम तसंच राहतं. यात नवीन काही नाही, वर्कशॉपमध्ये सगळेच हे वापरतात. पण ज्याच्या बोटांना कळत नाही त्याला डोळ्यांनी कळेल, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं. मी युसुफभाईंना सांगितलं, "क्रीम पातळ ठेवा. करडा जाड. तीन हात द्या."

"टेम्पररी कामाला तीन हात?"

"द्या."

पॅनल बंद खोलीत हीटर लावून वाळवली. सुटलेली पुट्टी काढून नवी भरली. साच्यातून माल सुटावा म्हणून जे मेण लावतात ते हिरव्या पॅनलांवर अजून होतं, ते धुऊन काढलं. ते राहिलं तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. स्प्रेच्या दिवशी सुधाकरराव आले. पीयूचा वाफारा फुप्फुसाला वाईट, म्हणून त्यांना बूथमध्ये, स्प्रेच्या बंद खोलीत, घेतलं नाही. काचेच्या खिडकीबाहेर स्टूल दिलं. युसुफभाईंचा हात जिथे रेंगाळला तिथे रंग ओघळेल म्हणून सुधाकररावांनी काचेवर टकटक केली. दोनदा.

पॅनल परत बसवायला मी वस्तीवर गेले तेव्हा त्यांना घासून दाखवलं. "क्रीम जाईपर्यंत घासा. करडा दिसला की थांबा. करड्याखाली हिरवा दिसला तर मला फोन करा."

त्यांनी ब्लॉक उजव्या हातात घेतला. पडला. डाव्यात घेतला, तो तिरका जायला लागला. शालनताई बघत होत्या. त्या घरात गेल्या आणि पिशवीचा जुना पट्टा आणि सुईदोरा घेऊन आल्या. ब्लॉकला पट्टा बांधून त्यांच्या पंज्याभोवती आवळला.

"घट्ट झाला का?"

"कळत... न्हाय."

"मग मी बघते." त्यांनी बोट घालून बघितलं आणि जरा सैल केला.

ते घासायला लागले. खांद्यातून, सावकाश. थोड्या वेळाने क्रीममध्ये करडा ठिपका उमटला. ते थांबले. शालनताईंकडे बघितलं आणि ब्लॉक वर उचलून दाखवला.

दिवाळीला लेक आली. गाडी क्रीम रंगाची, एका मडगार्डावर नकाशासारखे करडे डाग. लेकीने वडिलांना शेजारी बसवून ती कॅनॉलपर्यंत चालवली. शालनताईंनी फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी बघायला गेले. रंग कुठेही सुटला नव्हता, पुट्टी कोरडी होती. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड झाली होती. मी ट्यूबलाइट धरून बघितली, उजेडाची रेघ सरळ गेली. सुधाकररावांना वाकता येत नसल्याने दरवाजाचा खालचा भाग शालनताई पाटावर बसून घासत होत्या.

"लाट... ऱ्हायली," ते वरून म्हणाले.

"कुठं ऱ्हायली? मला न्हाय दिसत."

"हितं."

"दिसभर हेच," त्या मला म्हणाल्या आणि परत तीच जागा घासायला लागल्या.

मी विचारलं, "दरवाजे झाले की फायनल लाल घेऊ या ना? मी बूथ मोकळा ठेवते."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. शालनताईंनी हातावरची भुकटी झटकली.

"दरवाज्याचा मूळ आकारच ह्यांना पटंना झालाय," त्या म्हणाल्या. "नवा साचा करायचा म्हणत्यात. तवर परत तात्पुरताच मारा. क्रीमच."

आम्ही मारला, याही खेपेला करड्याचे तीन हात देऊन. आमच्या धंद्यात तात्पुरत्या कामाला कुणी हमी मागत नाही. म्हणून त्याच्या तयारीत लोक हात आखडता घेतात. तो घेऊ नये. तात्पुरतं काम किती दिवस ठेवायचं हे रंगवणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि बहुतेक वेळा ते मालकालाही ठाऊक नसतं.