मन मोकळं करायची खोली

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडतात. लाइनवर आम्ही साठ बायका, सगळ्या कंत्राटी, आणि झाडूपोछ्याला एक गोजाबाई. इथल्याच निघोजे गावची म्हातारी. कंपनी उभी आहे तिथं तिच्या सासऱ्याची बाजरी व्हायची. जमीन गेली आणि हिच्या हातात पोछा आला. पण कधी कुरकुर? छे! कपडे बदलायच्या खोलीत कुणी डोळे पुसत आली की ती बादली बाजूला सारायची, "बस गं माजे आये," म्हणायची आणि नुसती ऐकायची. तेवढ्यावर आम्ही परत लाइनवर उभ्या राहायचो.

मग मोठ्या साहेबांना आमच्या मनाची काळजी लागली. भिंतीवर हसऱ्या बायकांची पोस्टरं लागली, ऑफिसशेजारी 'मन मोकळं करा' अशी पाटी लावून एक खोली उघडली. सोफा, कुंडी, एसी, आणि दाराशी रजिस्टर: नाव, टोकन नंबर, किती वाजता आलात, कशासाठी आलात. आता सांगा, कोण मरायला जाईल तिथं? महिनाभर एकटी गोजाबाईच जायची, फरशी पुसायला.

एक दिवस एचआरच्या निशिगंधा मॅडमनी तिला त्या सोफ्यावर बसवलं. इतक्या वर्षांत कंपनीत तिला पहिल्यांदाच कुणी 'बसा' म्हणालं. चहासुद्धा दिला. "मावशी, मुली आमच्याकडे येतच नाहीत हो. कुणाला त्रास असेल तर सांगा, आम्ही मदत करू."

गोजाबाई भोळी. तिनं पिंकीचं नाव सांगितलं. पिंकी लातूरची, भोसरीत खोली करून राहायची, घर तिच्या एकटीच्या पगारावर. सुपरवायझर तिला रोज सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलायचा, टॉयलेटला गेली तरी घड्याळ बघत उभा राहायचा. तिची झोप उडाली होती. हे तिनं फक्त गोजाबाईपाशी बोललेलं.

"मॅडमच्या कानावर घातलंय म्या," गोजाबाईनं तिला माझ्यादेखत सांगितलं, तोंडभर हसत. "आता त्या मेल्याची रग जिरती बघ." पिंकी पांढरीफटक पडली.

आठवड्यात पिंकीला ब्रेक दिला, म्हणजे घरी बसा. कायम करायला लागू नये म्हणून इतरांना सात महिन्यांनी देतात, तिचे चारच झाले होते. कागदावर कारण लिहिलं, 'मानसिकदृष्ट्या कामास योग्य नाही'. सुपरवायझर आहे तिथंच. इतका संताप आला मला! आणि मी काय केलं? खाली मान घालून वायरी जोडल्या.

गेली ती एकटी गोजाबाई. "पोरीला परत घ्या, चूक माजी हाय," म्हणून मॅडमच्या दारात उभी राहिली. "मावशी, तिच्या भल्यासाठीच केलं," मॅडम म्हणाल्या, आणि आतली फरशी पुसून घ्यायला सांगितलं.

परवा सुपरवायझरनं मला झापलं. रडतच मी गोजाबाईपाशी गेले. तिनं बादली हलवली नाही.

"मला काय बी सांगू नगं, जयमाला," ती म्हणाली. "तोंड धू आन् जा कामावर." माझ्याकडे पाठ करून ती पुसलेलीच फरशी परत पुसत राहिली.