कापसात बसून निवडलेली वायर

१४ मार्च, शनिवार. बैठकीतला कापूस सकाळीच जिनिंगला गेला. मी जाळी काढली, फरशी धुतली, गंजीआड दबलेले स्पीकर पुसले आणि गाणं लावलं. आवाज कानात सुईसारखा शिरला.

कारण मला लगेच कळलं. सिस्टीम माझी, शिवणकामातून घेतलेली. प्लेअर आणि अॅम्प्लिफायर जोडणारी वायरही मीच निवडली होती. पावसाळ्यात, रिकाम्या खोलीत, दुकानातून वायरी आणून आळीपाळीने लावून पाहिल्या. एकीने तबला फुगायचा, दुसरीने झांजा टोचायच्या. जाड तांब्याची लावली तेव्हा सगळं जागच्या जागी आलं. तीच ठेवली.

दिवाळीनंतर दीर आला. तो वणीला राहतो, आणि आवाजातलं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. तेव्हा बैठकीत छतापर्यंत कापूस होता. भाव वाढेल म्हणून आमच्याकडे तो घरातच ठेवतात, सोफा बाहेर आणि कापूस आत. कापूस झांजांचा, टाळांचा आवाज पिऊन टाकतो, त्यामुळे गाणं दबून येत होतं. दिराने दोष वायरीला दिला. पुढच्या खेपेला, झांजा उठून याव्यात म्हणून, चांदीचा मुलामा असलेली वायर आणून लावली आणि माझी खिशात घातली. मी हरकत घेतली, तर नवऱ्यादेखत म्हणाला, "वहिनी, तुमचे कान मशीनच्या खडखडीत गेले. हे तुमचं काम नोहे." नवरा हसला.

माझी वायर त्याच्या घरी लागली. संक्रांतीला आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने ती आपल्या सासऱ्यांना ऐकवली, आपणच निवडली म्हणून सांगितलं आणि शाबासकी घेतली. मी समोर बसून तिळगूळ खात होते.

आता फोनवर वायर मागता आली असती. मला नुसती वायर नको होती. मी दिराला सांगितलं, कापूस गेला, उद्या तुमच्या सासऱ्यांना घेऊन जेवायला या, तुम्ही बसवलेला आवाज त्यांना ऐकवू. तो खूश झाला.

रविवारी वडाभात पोटभर वाढला. मग सासऱ्यांच्या आवडीचं भजन लावलं आणि आवाज दिरालाच वाढवायला सांगितला. टाळ सुरू झाले तसा सासऱ्यांनी खांद्यावरचा दुपट्टा कानावर ओढला.

"जावईबापू, हे तुमी निवडलं?"

दीर म्हणाला, वायर चांगलीच आहे, खोली रिकामी असल्यामुळे आवाज टोचतो.

याच वाक्याची मी वाट पाहत होते. "मग कापसात बसून निवडली काहून, भाऊजी? बारा महिने कापूस राह्यते का घरात?"

सासरे खोकेपर्यंत हसले. संक्रांतीला ऐकली ती वायर माझी, हेही मी त्यांना सांगून टाकलं. नवरा पाणी आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. दीर खाली बघत म्हणाला, देतो पाठवून. कधी, ते बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी वणीला गेले. दीर चहा पीत गाणी ऐकत होता. गाणं चालू असतानाच मी माझी वायर उपसली आणि पिशवीत टाकली. त्याने स्वतःची मागितली. ती मी दोडक्याच्या मांडवाला बांधली, असं सांगितलं आणि परतीची बस धरली.