सातव्या आवृत्तीतला शेवटचा परिच्छेद

सातव्या आवृत्तीचा इंग्रजी मजकूर मी बोरी बुद्रुकच्या घरी, ओसरीवर बसून, साधारण चाळीस मिनिटांत तपासला. त्यातला शेवटचा परिच्छेद मी काढून टाकला. तो सहा ओळींचा होता. पुढे जे झाले ते त्या सहा ओळींमुळे झाले, असे माझी धाकटी बहीण आजही म्हणत नाही. मी म्हणतो, कारण घटनाक्रम तसा आहे.

बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. इलेक्ट्रॉनिक्स शिकली, काही वर्षे कंत्राटावर शिकवले, लग्न होऊन शिनोलीला गेली. शिनोलीत मोबाइलला रेंज आहे. तिथून पश्चिमेला डोंगर चढायला लागले की एकेका वळणावर ती कमी होत जाते आणि वरच्या वाड्यांमध्ये उरत नाही. एका संस्थेने शिनोलीतल्या एका गच्चीवरून वरपर्यंत बिनतारी नेट पोचवण्यासाठी सात पेट्या बसवल्या होत्या. लोखंडी खांब, त्यावर सौर पॅनल, खाली बॅटरी, आणि पेटीत तळहाताएवढा संगणक व एक बिनतारी कार्ड. पहिली पेटी दुसरीकडे सिग्नल टाकी, दुसरी तिसरीकडे, असे करत नेट शेवटच्या वाडीत जाई. संस्थेचा प्रकल्प संपला, माणसे गेली, पेट्या राहिल्या. बहिणीने त्या सांभाळायला घेतल्या. तिला कोणी सांगितले नव्हते.

शेवटच्या वाडीत रेशनचे दुकान आहे. ते महिला बचत गटाकडे आहे आणि गटातली एक बाई ते चालवते. धान्य देण्याआधी मशीनवर अंगठा घ्यावा लागतो आणि मशीनला नेट लागते. पेट्या येण्यापूर्वी ही बाई मशीन पदरात गुंडाळून वाडीच्या वरच्या एका खडकावर नेऊन बसे, कारण तेवढ्याच जागी थोडी रेंज मिळे. कार्डधारक मागून चढत. ज्यांना चढवत नसे त्यांना घरची माणसे धरून नेत. अंगठा देऊन सगळे खाली दुकानात येत आणि धान्य घेत. पेट्या आल्यावर अंगठे दुकानातच होऊ लागले.

अडचण कार्डांची होती. संगणकाला कार्डाशी बोलता यावे म्हणून जो प्रोग्रॅम लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. पेट्यांमधली प्रणाली मुक्त, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणारी होती. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, जगभरचे लोक मिळून लिहितात आणि तो सतत बदलत असतो. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल बंद केले होते आणि तिचा ड्रायव्हर जुनाट होता. कर्नेल बदलला की तो चालेनासा होई. कर्नेल जुनाच ठेवला तर त्यातल्या त्रुटींचा फायदा घेऊन कोणीही आत शिरू शके, म्हणून बहीण तो ठेवत नसे. दर काही महिन्यांनी कर्नेल बदलून ड्रायव्हर पुन्हा जुळवायला लॅपटॉप पाठीवर टाकून ती सातही खांबांपर्यंत चढे. दोन दिवस लागत.

मग तिच्या नवऱ्याची बदली ठरली. जूनमध्ये दुसऱ्या राज्यात जायचे होते. तेव्हा तिने ड्रायव्हर नव्याने लिहायला घेतला, तो थेट कर्नेलमध्ये जावा म्हणून. एकदा तो आत गेला की कर्नेलबरोबर तोही बदलत राहणार होता. पेट्या आपोआप अद्ययावत होणार होत्या आणि कोणी चढायची गरज राहणार नव्हती. तिच्या हातात जूनपर्यंतचा वेळ होता.

कर्नेलमध्ये काही पाठवायचे तर ते साध्या ईमेलने, सर्वांसमोर पाठवावे लागते. त्या विभागाचा प्रमुख ते ओळीओळीने तपासतो आणि प्रत्येक आक्षेप त्या त्या ओळीखाली लिहितो. दुरुस्ती करून पुन्हा पाठवायचे, नव्या आवृत्तीचा क्रमांक टाकून. प्रत्येक तुकड्यासोबत तो का लिहिला याचे वर्णन जोडायचे. बहिणीचे कोड पक्के होते, इंग्रजी अडखळत होते. मी वीस वर्षे पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो, त्यातली काही इंग्रजी डेस्कवर. दैनिकाची आमची आवृत्ती बंद झाल्यावर गावी आलो होतो.

“दादा, तू इंग्रजी बघ फक्त,” ती फोनवर म्हणाली. “कोडाला हात लावू नकोस.”

पहिली आवृत्ती एकाच ईमेलमध्ये सुमारे चार हजार ओळींची होती. उत्तर एका वाक्याचे आले: हे कोणाला वाचता येणार नाही, तुकडे करा. दुसरीचे चौदा तुकडे केले. त्यावर एकसष्ट आक्षेप आले. काही ठिकाणी त्या माणसाने नुसते “का?” एवढेच लिहिले होते. तिसरीत ते एकोणतीस झाले. तो माणूस कोण, कुठे राहतो, हे आम्हाला माहीत नव्हते. त्याचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असे.

त्या हिवाळ्यात मी एकदा बहिणीबरोबर शेवटच्या वाडीपर्यंत गेलो. दुकानातली बाई तांदूळ मापत होती.

“ताई, तुमचा त्यो गोरा साहेब अजून पास करंना व्हय?”

“गोरा आहे का काळा, मला कुठं माहितीये,” बहीण म्हणाली.

“आमच्या घरकुलाच्या फायलीला बी एवढ्या येरझाऱ्या न्हाई झाल्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आन् भाऊ, तुमी काय करता त्यात?”

“मी शुद्धलेखन बघतो.”

“म्हंजी मास्तरच की. मग तरी बी नापास?”

चौथ्या आवृत्तीत त्या माणसाने एक गोष्ट सांगितली. कोडमध्ये एके ठिकाणी बहिणीने दोनशे मिलिसेकंद थांबण्याची ओळ टाकली होती आणि तिच्यावर लांबलचक टिप्पणी लिहिली होती. इतके स्पष्टीकरण कोडमध्ये नको, वर्णनात टाका, असे त्याचे म्हणणे. तिने ते उचलून वर्णनात टाकले, सर्वांत शेवटी. पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीत ते तिथेच राहिले. त्या दोन्हींवरचे आक्षेप दुसऱ्याच तुकड्यांबद्दल होते.

सातवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या सासरी भाताची झोडणी चालू होती. सहाव्याच्या उत्तरात एक सर्वसाधारण तक्रार होती की वर्णने फार लांब आहेत. ती म्हणाली, “तू आवर जरा सगळं.” मी आवरले. बातमीत महत्त्वाचे वर असते आणि कमी महत्त्वाचे खाली. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हे डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि नंतर हात आपोआप तसा चालतो. चौदाही वर्णने मी खालून कापली.

त्या सहा ओळींत असे होते: डोंगरात पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत. बॅटरी उतरते, पेटी बंद पडते, आणि सकाळी थोडा उजेड आला की अपुऱ्या विद्युतदाबावर पुन्हा सुरू होते. अशा वेळी कार्डाला जागे व्हायला दोनशे मिलिसेकंद लागू शकतात. तेवढे न थांबता त्याला काही विचारले तर ते अडकते, आणि वायर काढून पुन्हा लावेपर्यंत सुटत नाही. मी ते वाचले. ढग, डोंगर, पावसाळा. मला ते स्थानिक वर्णन वाटले.

“कोडाला हात नाही ना लावला?” तिने विचारले. मागे झोडणीचा आवाज येत होता.

“नाही.”

“मग पाठवते.”

अकरा दिवसांनी उत्तर आले. किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकारले, धन्यवाद. तिने मला फोन केला आणि काही वेळ नुसतीच हसत होती. मग म्हणाली, “किरकोळ म्हणजे काय केलं असेल रे? बघू का?”

मी म्हणालो, “डेस्कवर एवढं चालतंच.” तिने बघितले नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाडीत सांगायला गेली. बाईने विचारले, “किती टक्क्यांनी?” आणि गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले.

उन्हाळ्यात नवा कर्नेल आला. पेट्या एकेक करून अद्ययावत झाल्या, शिनोलीत बसूनच. बहिणीने सातही बंद करून, चालू करून पाहिल्या. ऊन कडक होते, बॅटऱ्या भरलेल्या होत्या. सगळ्या चालल्या. जूनमध्ये ती गेली. जाताना तिने बाईला माझा नंबर दिला आणि मला बाईचा.

पहिला फोन जुलैत आला, खडकावरून.

“भाऊ, तुमचं नेट मेलं. चार रोज झालं. हितं छत्री धरून अंगठं घेतीय. ताईला कळवा.”

बहिणीने सांगितले, वायर काढून पुन्हा लावा. बाईच्या नवऱ्याने शेवटच्या खांबावर तसे केले. काही झाले नाही, कारण मधल्या दोन पेट्याही अडकल्या होत्या. त्या सोडवल्या तेव्हा दीड दिवस नेट चालले. मग पुन्हा ढग आले. खांब एकमेकांपासून लांब आहेत, पावसात वाट निसरडी होते आणि तेव्हा भातलावणी चालू होती. रोज सकाळी सात खांब फिरणारे कोणी नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात बहिणीने कर्नेलचा इतिहास उघडून पाहिला. तिथे तिच्या तुकड्याच्या खाली, त्या माणसाने चौकटी कंसात एक ओळ लिहून ठेवली होती: कारण न दिलेला विलंब काढून टाकला.

तिने फोन केला. “दादा, सातव्यातला शेवटचा परिच्छेद कुठं गेला?”

“मी काढला.”

“का?”

मी सांगितले. ती म्हणाली, “बरं.” मग म्हणाली, “मीच बघायला पाहिजे होतं पाठवताना.” फोन ठेवला.

तिने लगेच दुरुस्ती पाठवली. एक ओळ कोड आणि ते सहा ओळींचे कारण. उत्तर सभ्य होते. माझ्याकडच्या कार्डावर असे होत नाही, त्या माणसाने लिहिले. हे हार्डवेअर असलेल्या आणखी कोणी दुजोरा दिला, किंवा अडकलेल्या पेटीत आपोआप साठलेली नोंद पाठवली, तर घेतो. त्याच्या जागी मीही हेच लिहिले असते. दुसरा स्रोत नसलेली बातमी आम्ही छापत नसू.

असे कार्ड आमच्या माहितीत आणखी कोणाकडे नव्हते. बहिणीकडेही एक उरले नव्हते, सातही खांबांवर होती. म्हणून नोंद आणायला मी गेलो. लॅपटॉप खताच्या गोणीत गुंडाळला आणि तिसऱ्या खांबापर्यंत पोचलो. बहिणीने सांगितलेल्या आज्ञा कागदावर लिहून घेतल्या होत्या. पेटी उघडली. बॅटरी इतकी उतरली होती की पेटी सुरूच झाली नाही. दोन तास थांबलो. ढग हलले नाहीत. कागद भिजला तो अजून त्या गोणीत आहे.

ऑगस्टच्या शेवटी बाईचा फोन आला.

“भाऊ, रागावू नका. बॅटऱ्या खाली आणल्या आमी. पोरं अभ्यासाला बसत्यात, लाईट टिकत न्हाई.”

“सगळ्या?”

“वरच्या पाच. खालच्या दोन कुणी नेल्या ते मला ठाऊक न्हाई.” मग म्हणाली, “ताईला सांगू नका. लई चढली व्हती ती बया.”

मी बहिणीला सांगितले. तिने दुरुस्तीचा पाठपुरावा थांबवला. ती ओळ स्वीकारलीही गेली नाही आणि नाकारलीही गेली नाही.

दिवाळीनंतर कर्नेलच्या त्याच जाहीर ईमेल-गटावर एका अनोळखी माणसाचा प्रस्ताव आला. सांभाळायला जड झालेले जुने ड्रायव्हर काढून टाकावेत, असा. त्यातल्या यादीत सोळा नावे होती. बहिणीचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये येऊन वर्षही झाले नव्हते, पण तो ज्या कार्डासाठी होता ते जुने होते, आणि दोषाची एक तक्रार दुजोऱ्याविना पडून होती. प्रत्येक नावापुढे तेच वाक्य होते: वापरकर्ते आढळत नाहीत, कोणी वापरत असल्यास कळवावे.

मी बाईला फोन लावला आणि विषय सांगितला.

“आमी हाय की,” ती म्हणाली. “लिवा आमचं नाव. सगळ्या वाडीचं लिवा.”

“पण पेट्या चालू नाहीत.”

“ते बी खरंच हाय,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात बहिणीने उत्तराचा मसुदा मला पाठवला. इंग्रजी बघ, एवढेच वर लिहिले होते. या वेळी तिने ते सहा ओळींचे कारण सर्वांत वर ठेवले होते, पुढे कधी कोणाला तेच कार्ड वापरावे लागले तर उपयोगी पडेल म्हणून. त्याखाली दोन वाक्ये होती. सात पेट्यांमध्ये हा ड्रायव्हर वापरला जात होता. आज तो कोणी वापरत नाही.

मी दोनदा वाचले. शेवटचे वाक्य कापले असते तर ड्रायव्हर कदाचित राहिला असता. पण ते वाक्य बरोबर होते. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा होता, तो टाकला आणि मसुदा परत पाठवला. गटावर पाठवण्याआधी तिने तो शेवटपर्यंत वाचून पाहिला, असे तिने मला कळवले.