पाकिटांना दाखवलेलं ऊन

आमच्या घरात दमट वस्तूची धडगत नव्हती. उरणच्या बाजूचं खाडीकाठचं गाव, तिथल्या हवेलाच घाम सुटलेला. त्यामुळे आईचा कायदा एकच, काही ओलं घरात आलं की आधी त्याला ऊन दाखवायचं. जवळा, बोंबील, गोधड्या, चपला, माझी दहावीची पुस्तकंसुद्धा. मी चिडून म्हणायचे, "आता मलाच टाक अंगणात!" ती म्हणायची, "तू आधीच सुकट हायस."

हे आठवून हसू येतं आणि मागोमाग जीव तुटतो. आमचं खारातलं शेत त्या उन्हापायी गेलं.

खाडीला बांध घालून राखलेली भातजमीन, तिला आम्ही खार म्हणतो. ऐंशीनंतरच्या एका पावसाळ्यात उधाणाने आमच्या बाजूचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं. पाणी ओसरलं, मीठ राहिलं. पुढच्या वर्षी लावलेली रोपं पिवळी पडून तिथेच बसली. माती पायाला टणक लागायची, औषधाला एक गांडूळ दिसायचं नाही. तेव्हा आमच्याकडे नवं शहर सरकत होतं. भराव टाकून गोदाम बांधायला जमीन मागणारा एक माणूस माझ्या वडलांकडे, आबांकडे, खेपा घालत होता. आबांनी त्याला सांगून टाकलं, "आनखी एक पावसाला बघतो. भात आला तर शेत माझा, नाय आला तर तुझा." आबांनी शब्द दिला की संपलं. त्यावर घरात कुणाची ब्र काढायची टाप नव्हती.

त्याच उन्हाळ्यात शेतीखात्याचे एक साहेब आले. त्यांनी चावडीवर पुरुषमाणसांना बसवून समजावलं. पावसाचं गोडं पाणी साठवून सोडत राहा म्हणजे मीठ उतरेल, आणि ही भुकटी शेणखतात कालवून टाका म्हणजे मेल्या मातीत जीव येईल. हे मला फार नंतर कळलं. आबा घरी आले ते नुसती पाकिटं घेऊन. आईच्या हातात देऊन म्हणाले, "शेताचा औषध हाय. नीट ठेव." झालं, एवढंच!

नीट ठेव म्हटल्यावर आई काय करणार? तिने एक पाकीट उघडलं. आत मशेरीसारखी काळी भुकटी, हाताला ओलसर. "आगो बाय, यो तर दमट लागलाय! बुरशी धरंल ना!" तिने लगेच धुतलेली चादर अंगणात अंथरली, त्यावर सगळी भुकटी पातळ पसरली आणि कोंबड्या येऊ नयेत म्हणून काठी घेऊन स्वतः राखण करत बसली. चांगली कडक उन्हं दाखवून पुन्हा पाकिटांत भरली, सुतळीने तोंडं बांधली आणि माळ्यावर ठेवली. माझी तरी एवढी निगा तिने कधी राखली नव्हती.

आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजारच्या काकांच्या शेतातही तेच मीठ बसलं होतं आणि त्यांनाही तीच पाकिटं मिळाली होती. त्यांनी ती आणली तशी पाण्याच्या रांजणामागे सारून ठेवली. पाऊस लागल्यावर आबांनी आणि काकांनी आपापली भुकटी शेणखतात कालवून शेतात टाकली. गणपती उठले तेव्हा काकांचं भात गुडघ्यापर्यंत हिरवंगार, आणि आमच्यात इथे चार काड्या, तिथे चार काड्या. आबा बांधावर उभे राहून एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. पाणी तेच, औषध तेच. शेवटी म्हणाले, "आपली मातीच मेली." दिवाळी झाल्यावर भरावाचे डंपर लागले.

आणि तेव्हा साहेब आले, काकांना किती भात आलं ते बघायला. आमच्याकडे चहाला टेकले. आबांनी रडगाणं ऐकवलं तसं त्यांनी सहज विचारलं, "पाकिटं ठेवली कुठे होती?"

आई पदर सावरून पुढे झाली. "उन्हात चांगली वालवून ठेवलेली, साहेब. दाना दाना सुटा केला."

साहेबांनी कप खाली ठेवला. "अहो बाई, त्यात जिवंत जिवाणू होते. डोळ्यांना दिसत नाहीत, पण जिवंत. ऊन लागलं की मरतात. सावलीत ठेवा म्हणून चावडीवर किती वेळा सांगितलं मी."

"जित्ता होता?" आईने विचारलं. मग आबांकडे वळली. "तुमाला ठावं होता?"

आबा उठून पडवीत गेले. लावणी तिची, तणाची बेणणी तिची, कापणीला विळा तिचा, आणि चावडीवरचं दोन शब्दांचं बोलणं तेवढं तिच्यापर्यंत आणायचं राहिलं! मला आजही त्याचा संताप येतो. कदाचित त्या मिठात भात तसंही आलं नसतं. पण ते आता कोण सांगणार?

माळ्यावर एक पाकीट उरलं होतं ते आईने काढलं, पडवीच्या सावलीत फुटक्या मडक्यातल्या मातीत ओतलं आणि रोज सकाळी त्यावर ओंजळभर पाणी शिंपडू लागली. समोर खारात डंपर रिकामे होत होते.

मला बघवेना. एकदा म्हटलं, "आई, मेलंय गं ते सगळं."

"यखादा तरी वाचला असंल," ती म्हणाली आणि पुन्हा पाणी घेऊन आली.